रानपिंगळा : चित्राची साक्ष आणि चिठ्ठीची साक्ष

अपरिचित पक्ष्याचे हौशी व्यक्तीने टिपलेले छायाचित्र हे इतिहासाचे साधन होय. परंतु चित्र आणि चित्राखालचा मजकूर या दोन स्वतंत्र साक्षी आहेत. एक खरी असून दुसरी खोटी असू शकते. रानपिंगळ्याच्या शोधाचा इतिहास हेच दर्शवितो.

या पक्ष्याचा पहिला नमुना १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांना मिळाला. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्यास ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘हेटेरॉस’ म्हणजे निराळा आणि ‘ग्लॉक्स’ म्हणजे घुबड. भेदाची जाणीव नावातच ग्रथित झाली होती. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात आणखी नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र विश्वसनीय नोंद आढळत नाही.

मध्यंतरी दोन प्रकारची गफलत झाली. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरातेतील मांडवी हे स्थळ नोंदलेले होते. हा नमुना मुळात डेव्हिडसन यांचा असून तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यास नवी चिठ्ठी लावण्यात आली होती, हे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सिद्ध केले. येथे पक्षी खरा, चिठ्ठी खोटी. उलट १९६८ साली रानपिंगळा म्हणून पुढे आलेले छायाचित्र साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचे निघाले. तेथे लबाडी नव्हती; वाचन चुकले होते. परिणाम मात्र दोन्हींचा सारखाच : शोधाची दिशा भ्रष्ट होणे.

रासमुसेन यांनी संशयित नोंद बाजूस सारून अस्सल नमुन्यांची स्थळे प्रमाण मानली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना हा पक्षी दिसला. ११३ वर्षांचे मौन संपले. यावेळी छायाचित्रे निर्णायक ठरली, कारण ती कशाशी ताडून पाहावयाची हे आधी निश्चित झाले होते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ निष्कलंक, छातीचा वरचा भाग गडद तपकिरी, पोटाचा मध्य शुभ्र आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे असतात. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके असून पोटही डागाळलेले असते.

२०१४ साली तानसा अभयारण्यातही हा पक्षी आढळला. डांगातूनही नोंदी झाल्या. सुरगाणा तालुका डांगास लागून आहे. यास्तव तेथील रानात टिपलेल्या प्रत्येक पिंगळ्याच्या चित्रास आता महत्त्व आहे. मात्र ‘पिंगळा’ हा लोकभाषेतील शब्द अनेक लहान घुबडांना सामावून घेतो. पहाटे फिरणाऱ्या भिक्षेकऱ्यासही तेच नाव आहे. तेव्हा ‘पिंगळा दिसला’ हे विधान खरे असूनही जातिनिर्णयास अपुरे ठरते. शिवाय प्रखर उन्हात माथ्यावरचे ठिपके चित्रात विरून जातात, आणि सामान्य पक्षी दुर्मिळ भासतो.

म्हणून चित्राबरोबर स्थळ, दिनांक, वेळ आणि निरनिराळ्या बाजूंनी घेतलेली चित्रे जपावीत. मूळ चित्रात फेरफार करू नये, आणि नाव शेवटी लिहावे. पाठचिकित्सेत पाठ आधी व अर्थ नंतर, हा जो क्रम आपण पाळतो, तोच येथे पाळावयाचा आहे. खोटी नोंद केवळ ग्रंथात राहत नाही. ज्या रानात पक्षी खरोखर आहे, त्या रानाकडे पाहण्याची वेळ ती लांबविते. आणि तोवर ते रान उभे राहीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.