जव्हार-मोखाड्याचा तारपा आणि ध्वनिप्रसारणाची वाटचाल

प्रस्तावना :
ध्वनिप्रसारणाचा इतिहास बहुधा केंद्रांच्या अंगाने लिहिला जातो. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांतील तारपावादनाच्या संदर्भात या इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

केंद्राकडून श्रोत्याकडे :
२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्या वेळी जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मंडळांचे प्रश्न केंद्राकडे परत जात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. मात्र तत्कालीन ठाणे जिल्हा या प्रयोगात नव्हता.

परस्पर प्रक्षेपण :
२०११ मध्ये गुगलने 'वेबआरटीसी' हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. २०१२ मध्ये 'ओपस' ही ध्वनिसंकेतन पद्धती प्रमाणित झाली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी वेबआरटीसीला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. यात दोन ब्राउझरची ओळख सर्व्हर करून देतो. त्यानंतर ध्वनी शक्यतो थेट जातो. थेट मार्ग न मिळाल्यास मध्यस्थ सर्व्हर लागतो.

तारप्याची कसोटी :
वाळलेला भोपळा व बांबूच्या नळ्या यांपासून तारपा तयार होतो आणि वादक श्वास न तुटू देता तो वाजवतो. जव्हार तालुक्यातील तारपावादक भिकल्या लडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ब्राउझरमधील गोंगाट-नियंत्रण मात्र प्रामुख्याने संभाषणासाठी घडविलेले आहे. सलग टिकणारा स्वर त्यास गोंगाट वाटू शकतो. म्हणून गोंगाट-नियंत्रण, प्रतिध्वनी-नियंत्रण व आवाजाची आपोआप होणारी चढउतार या तिन्ही सोयी बंद ठेवणे अगत्याचे ठरते. संवाद दुतर्फी असल्यास हेडफोन वापरावा लागतो. दुसरी मर्यादा जाळ्याची आहे. सेकंदाला १२८ किलोबिट दराने दहा श्रोत्यांना थेट ध्वनी पाठवायचा, तर वादकाच्या फोनवरून १२८० किलोबिट जावे लागतात. डोंगराळ पाड्यावर एवढी क्षमता गृहीत धरता येत नाही.

समारोप :
सारांश, केंद्राची मक्तेदारी सैल झाली, तरी काय ऐकण्याजोगे आणि काय गोंगाट, हा निवाडा आता यंत्राच्या मांडणीत दडला आहे. ती मांडणी बदलण्याची माहिती वादकांपर्यंत पोहोचविणे हे स्थानिक महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.