मृत्यूचं कारण : एक रकाना

गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, कोतवाल बुक, लोकांना हल्ली आठवतो तो जातीच्या दाखल्यासाठी. त्यात पणजोबांच्या नावापुढची जात सापडली की शोध संपतो. माझी नजर मात्र दुसऱ्या रकान्यावर जाते, मृत्यूच्या कारणाच्या. मी मेडिकल कोडर आहे. विरार लोकलने मालाडला जाते आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांचे कागद वाचून आजारांना कोड देते.

इंग्रजी अमदानीत गावात हे कारण सांगायला डॉक्टर नसायचाच. घरच्यांना विचारून गावकामगार ते ठरलेल्या सदरांत बसवायचे: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात, उरलेलं सगळं 'इतर'. सरकारला साथीची खबर हवी होती. पटकी आणि देवी कुणालाही ओळखू यायच्या. पण पायांना सूज येऊन, धाप लागून महिनोन्‌महिने झिजलेला वाडीवाला कुठे जाणार? तो 'ताप' नाही तर 'इतर'. जुन्या वसई तालुक्यातली कितीतरी थकलेली हृदयं या दोन शब्दांखाली पुरली गेली आहेत, असं मला ठामपणे वाटतं. रोगाला नेमकं नाव मिळाल्यानं काय होतं, ते मुंबईनं सप्टेंबर १८९६ मध्ये पाहिलं. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपात ओळखला आणि अख्खं शहर हललं.

तिकडे १८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली होती. तिचीच सहावी आवृत्ती १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तेव्हापासून मृत्यूच्या दाखल्यात साखळी लिहायची रीत पक्की झाली. वरच्या ओळीत शेवटचं कारण, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली तेही कशामुळे. मोजणीत धरली जाते ती बहुधा सर्वांत खालची ओळ, म्हणजे मूळ. आपल्याकडे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर हाच साचा आला: रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर ४अ.

म्हणून नुसतं 'हार्ट फेल' लिहिलेलं पाहिलं की मी अस्वस्थ होते. प्रत्येक मरणात हृदय थांबतंच. हार्ट फेल्युअर हा वेगळा, वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे, आणि त्याच्या मुळाशी रक्तदाब असेल, जुना झटका असेल, खराब झालेली झडप असेल. कामावर रक्तदाबाच्या रुग्णाला हार्ट फेल्युअर दिसलं तर आधी रक्तदाबाच्या हृदयविकाराचा कोड आय ११.०, मग हार्ट फेल्युअरचा आय ५०. सिस्टॉलिक की डायस्टॉलिक, जुनं की अचानक बळावलेलं, हे डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर मी मनानं भरत नाही, क्वेरी पाठवते. तसंच व्हॅस्क्युलर डिमेन्शियाचं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशाचं: त्याचा कोड एफ ०१. त्याआधी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा मूळ विकार नोंदवायचा. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत त्याची तीव्रताही सांगावी लागते.

हे शिकताना मला माझी आजी कळली. केळीच्या वाडीत उभं आयुष्य काढलेली बाई. एका सकाळी तोंड वाकडं झालं, संध्याकाळपर्यंत सरळ झालं, आणि त्यानंतर ती पाणी लावायचे दिवस विसरू लागली. मग काही महिने तशीच राहिली. पुन्हा एक झटका, पुन्हा एक पायरी खाली. अल्झायमर सहसा हळूहळू उतरतो. रक्तवाहिन्यांचा स्मृतिभ्रंश पुष्कळदा असा पायऱ्यांनी उतरतो. शेवटी शेवटी तिला आडवं झोपवत नसे, तीन उशा लागत. घरात सगळे म्हातारचळ म्हणत. दाखल्यावर लिहिलं गेलं 'वार्धक्य'. रक्तदाब, मेंदूतले बारीक पक्षाघात, थकलेलं हृदय: एकाच मुळाच्या या फांद्या, एकही कागदावर नाही. तिच्या दोन्ही मुलांना आज रक्तदाब आहे. त्यांनी गोळी रोज घ्यावी म्हणून मला तोंडानं जे पटवावं लागतं, ते त्या कागदानं सांगायला हवं होतं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्यानुसार रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाईकाला मिळायला हवी. आमच्या आळीत कुणी गेलं की दुःखाच्या घरात हे बोलणं जड जातं, तरी मी बोलते. डॉक्टर नमुना भरायला बसण्याआधी जुना टूडी एको, मेंदूचा सीटी स्कॅन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवा, आणि खालची ओळ रिकामी दिसली तर तिथेच विचारा.