अजगर आणि एकोणतीसचा पाढा

आमच्या नेऱ्यात ‘अजगर’ म्हटलं की लोक सर्पमित्राला फोन लावतात. मी मात्र चाळिशी उलटल्यावर त्याला घरात घेऊन बसलोय. माझा अजगर म्हणजे पायथन, संगणकाची भाषा. गंमत अशी, की नावाचा सापाशी संबंध नाही. ते आलं ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून.

बँकांच्या संगणकीकरणावर रंगराजन समितीचा दुसरा अहवाल आला १९८९ साली. त्याच डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने वेळ जावा म्हणून ही भाषा लिहायला घेतली. १९९१ मध्ये ती बाहेर पडली. इकडे आमच्या ज्येष्ठांना धास्ती, की यंत्र आलं आणि खुर्ची गेली! १९८३ च्या करारात संघटनांनी यंत्रांवर मर्यादाच घालून घेतल्या होत्या. त्यांनी राखलेल्या खुर्चीत बसणारा मी, आता यंत्राचीच बाराखडी गिरवतोय.

पहिला धडा पाढ्यांचा. ज्या एकोणतीसच्या पाढ्यापायी आम्ही कान पिळून घेतले, तो दोन ओळींत! फक्त एक ते दहा हवे असतील तर लिहायचं एक ते अकरा. शेवटचा आकडा ही भाषा धरतच नाही.

‘‘हा कसला हिशेब?’’ बायको म्हणाली.

‘‘बँकेचाच. ठेव ठेवल्याचा दिवस धरायचा, काढल्याचा सोडायचा.’’

तिने लगेच आपल्या मुदत ठेवीची पावती मागितली.