परदेशी पाहुणा आणि त्याचा व्हिसा : सातारा-सांगलीच्या धर्मग्रामांसाठी माहिती

आतिथ्य हे ख्रिस्ती घराचे भूषण होय. सातारा व सांगली जिल्ह्यांत परदेशी पाहुण्यांची ये-जा जुनी आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि आयुष्याची उमेदीची वर्षे तेथेच वेचली. पाचगणीच्या निवासी शाळांत परदेशी मुले शिकतात. परदेशी धर्मगुरू व धर्मभगिनी आपल्या मठांत मुक्कामाला येतात, तर परदेशी नागरिकत्व घेतलेली आपलीच मुले-नातवंडे सुट्टीत घरी येतात. या सर्वांना लागू होणारे नियम यजमानालाही ठाऊक असावेत, म्हणून ही माहिती.

एक बोलके उदाहरण

स्पेनचे येशूसंघीय धर्मगुरू फादर व्हिन्सेंट फेरर १९५२ साली मुंबईत आले. पुढे मनमाड परिसरात त्यांनी शेतकऱ्यांसाठी विहिरी व शेतीसुधारणेचे मोठे कार्य उभे केले. १९६८ साली त्यांना देश सोडण्याचा आदेश झाला. हजारो शेतकरी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले आणि प्रकरण पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत गेले. तरीही फादरांना भारत सोडावाच लागला. १९६९ साली ते परत येऊ शकले, परंतु मनमाडला नव्हे, तर आंध्रातील अनंतपूरला. २००९ साली तेथेच त्यांचे निधन झाले. लोकांचे प्रेम कितीही असले तरी परदेशी व्यक्तीचा मुक्काम शासनाच्या परवानगीवरच अवलंबून असतो, हे या घटनेवरून दिसते. ती परवानगी ठरावीक मुदतीची व ठरावीक उद्देशाची असते.

सध्याचा कायदा

१ सप्टेंबर २०२५ पासून ‘आप्रवास व विदेशी नागरिक कायदा, २०२५’ अमलात आला असून त्याने १९२०, १९३९, १९४६ व २००० सालच्या चार जुन्या कायद्यांची जागा घेतली आहे. मुदत संपल्यावर राहणे किंवा व्हिसाच्या अटींचा भंग करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नोंदणी व मुदतवाढ

१८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर दीर्घ वास्तव्यासाठी आलेल्या परदेशी नागरिकाने, व्हिसावर तशी सूचना असल्यास, आगमनापासून १४ दिवसांच्या आत नोंदणी करावयाची असते. जिल्हा पातळीवर हे काम पोलीस अधीक्षक पाहतात. म्हणजे पाचगणी वा कराडच्या पाहुण्याचा संबंध साताऱ्याच्या कार्यालयाशी येतो आणि मिरजेच्या पाहुण्याचा सांगलीच्या कार्यालयाशी. २०१८ पासून नोंदणी, मुदतवाढ व देश सोडण्याची परवानगी यांचे अर्ज ‘ई-एफआरआरओ’ या शासकीय संकेतस्थळावर करता येतात. अधिकाऱ्याने बोलावल्याशिवाय प्रत्यक्ष जाण्याची गरज सहसा पडत नाही.

मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच करावा. पासपोर्ट, चालू व्हिसा, छायाचित्र, राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा आणि संबंधित संस्थेचे पत्र ही कागदपत्रे प्रामुख्याने लागतात. विद्यार्थ्याला शाळा-महाविद्यालयाचा दाखला लागतो. पत्ता, संस्था वा पासपोर्ट बदलल्यास तेही कळवावे लागते. पासपोर्ट हरवल्यास प्रथम पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि नंतर आपल्या देशाच्या वकिलातीकडे जावे.

येथे एक गफलत नेहमी होते. व्हिसा पाच वा दहा वर्षांचा असला, तरी एका भेटीत सलग किती दिवस राहता येईल याची मर्यादा वेगळी असते. नातवंडे घरी आली की व्हिसावरील दोन्ही तारखा नीट वाचाव्यात.

यजमानाचे कर्तव्य

परदेशी व्यक्तीला मुक्कामास ठेवणाऱ्याने २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यावयाची असते. आजवर ती ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जाते. हा नियम केवळ हॉटेलांना नाही. धर्मगुरूनिवास, मठ, ध्यानसाधना केंद्र, वसतिगृह आणि खासगी घर यांनाही तो लागू आहे. शिक्षणसंस्थांनी आपल्या परदेशी विद्यार्थ्यांची माहिती वेगळी द्यावयाची असते.

व्यासपीठावर बोलावण्यापूर्वी

धर्मग्रामाच्या सणाला परदेशी धर्मगुरू आले की त्यांनी प्रवचन द्यावे असे आपल्याला मनापासून वाटते. परंतु पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीला प्रार्थनेस उपस्थित राहता येते. प्रवचन देणे वा धार्मिक पत्रके वाटणे यास परवानगी नसते. मिशनरी कार्यासाठी वेगळा व्हिसा असून त्या कार्यात धर्मांतर अंतर्भूत नसावे अशी अट आहे. ओसीआय कार्डधारकांना नोंदणीची आवश्यकता नसली, तरी मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी कार्यासाठी त्यांनाही विशेष परवानगी घ्यावी लागते. आपल्या उत्साहाची किंमत पाहुण्याला मोजावी लागू नये.

येथेच राहावयाचे असल्यास

ज्यांना भारत हेच आपले घर वाटते, त्यांना नागरिकत्वाचा मार्गही खुला आहे. सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षे भारतात वास्तव्य झालेले असावे लागते. तसेच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञानही लागते. मराठी ही त्यांपैकीच एक. हिंदीचे कोशकार बेल्जियन येशूसंघीय फादर कामिल बुल्के यांनी १९५१ साली भारतीय नागरिकत्व स्वीकारले होते.

प्रत्येक धर्मग्रामाने व मठाने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत पाहुण्याचे नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार, आगमनाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख लिहावी. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी शासकीय संकेतस्थळ अथवा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. पाहुण्याला पानावर बसवण्याइतकेच त्याचे कागद वेळेत पाहणे हाही आतिथ्याचाच भाग होय.