लॅक्स्टनची शेतं आणि हार्डिनचं कुरण

इंग्लंडचा इतिहास म्हटला की आपण थेट लंडनला पोचतो. आज आपण नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन या लहानशा खेड्यात जाऊ. सेंट मायकेलचं जुनं चर्च, जवळपास शेतकऱ्यांची घरं, आणि गावाबाहेर तीन मोठी शेतं : वेस्ट फील्ड, साउथ फील्ड, मिल फील्ड.

या शेतांत कुंपणं नाहीत. शेतकऱ्यांच्या पट्ट्या शेजारी-शेजारी, तिन्ही शेतांत विखुरलेल्या. परंपरेने एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक. दरवर्षी पाळी बदलायची. मध्ययुगात मध्य इंग्लंडमध्ये अशी शेती सर्रास होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी ती मोडली, गायरानासारख्या सामायिक जमिनीही खाजगी झाल्या. लॅक्स्टनमध्ये मात्र ती उरली. मार्क पिअर्सच्या १६३५ सालच्या नकाशात या पट्ट्या आखलेल्या दिसतात.

ती चालते कशी? तर तिथे 'कोर्ट लीट' नावाची सभा आजही भरते. हिवाळ्याच्या तोंडाशी पंच नुकतं पेरलेलं गव्हाचं शेत पायी फिरून पाहतात. कुणाचा नांगर वाटेत किंवा सामायिक गवताच्या पट्टीत शिरला का? हद्दीवर खुंट्या ठोकल्या जातात, चुकणाऱ्याला दंड होतो. आणि हे पंच गावातलेच शेतकरी!

आता आपला तात्त्विक प्रश्न. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडलं, की सामायिक कुरण उजाड होणारच, कारण प्रत्येक जण आपलं आणखी एक जनावर सोडणार. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण बघा, हार्डिन यांचं कुरण सर्वांना मोकळं, बिननियमाचं आहे. लॅक्स्टनची जमीन तशी कधीच नव्हती. सामायिक म्हणजे बेवारस नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची अशी उदाहरणं अभ्यासली. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणून आपण लॅक्स्टनला रामराज्य म्हणायचं का? नाही. जमीन जमीनदाराची, शेतकरी कुळं, आणि हे कोर्टही मुळात जमीनदाराच्याच अधिकारातलं. पण 'माणसं स्वार्थी, म्हणून सामायिक काही टिकत नाही' असं कुणी ठासून सांगितलं, तर आपण एवढंच विचारावं : तिथे हद्द पाहायला वर्षातून एकदा तरी कुणी चालत जात होतं का?