उद्याचा आराखडा कोणी आखावा?



उद्याची वाहतूक आणि उद्याची ऊर्जा हा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम यंत्रे उभी राहतात. विजेवर चालणाऱ्या मोटारी, छपरांवरची सौर तावदाने, डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या. या यंत्रांची माहिती देणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत, आणि ते काम त्यांनीच करावे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेल्यामुळे मला या विषयात सर्वांआधी दिसतो तो प्रश्न निराळा आहे. कोणती यंत्रे करावीत, ती कोणासाठी करावीत, आणि जुनी यंत्रे गेल्यावर ती घडविणाऱ्या माणसांनी काय करावे, हे ठरवितो कोण? या प्रश्नावर इतिहासात एक बोलके उदाहरण आहे. इंग्लंडमधील लुकास एरोस्पेस या कंपनीच्या कामगारांनी १९७६ साली स्वतःच एक योजना तयार केली. त्या योजनेची हकीकत मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

तेलाचा धक्का

हकीकतीचा आरंभ १९७३ सालापासून केला पाहिजे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इजिप्त व सीरिया यांचे इस्रायलशी युद्ध जुंपले. अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला, आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर पडणारे खनिज तेल काही महिन्यांत १२ डॉलरांच्या घरात गेले. आपला देश तेव्हा आपल्या गरजेचे बहुतेक तेल बाहेरून आणीत असे. मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागले ते १९७४ च्या फेब्रुवारीत. इंग्लंडमध्ये तर या टंचाईत खाणकामगारांच्या लढ्याची भर पडली. कोळशाचे साठे आटू लागले, आणि १९७४ च्या जानेवारीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बहुतेक कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज वापरण्याची मुभा राहिली.

हा धक्का सगळ्या जगाला अनपेक्षित होता असे मात्र नव्हे. शेल या तेल कंपनीच्या लंडन येथील नियोजन विभागात प्येर वाक नावाचे एक फ्रेंच गृहस्थ होते. असे काही घडू शकेल, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना १९७२ च्या सुमारासच दाखवून दिले होते. त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. मागणी दरसाल इतकी वाढेल असे एकच भाकीत करून थांबण्याऐवजी ते दोनचार भविष्यचित्रे मांडीत. एका चित्रात तेल स्वस्त राहिले आहे, दुसऱ्यात तेल उत्पादक देशांनी हात आखडला आहे, असे. मग प्रत्येक चित्रात आपली कंपनी काय करील, याचा विचार अधिकाऱ्यांना करावयास लावीत. इंग्रजीत याला ‘सीनारिओ’ म्हणतात. हा शब्द नाटक-सिनेमाच्या धंद्यातून उचललेला आहे, आणि हे तंत्र त्याआधी अमेरिकेत हर्मन कान यांनी अणुयुद्धाच्या विचारासाठी वापरले होते.

वाक आपला मुद्दा पटविताना आपल्या गंगेचा दाखला देत. गंगेच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस पडला, की हृषीकेशला, मग अलाहाबादला आणि त्यानंतर काशीला पूर येणार, हे पाणी तेथे पोहोचण्याच्या आधी सांगता येते. त्यासाठी ज्योतिषी लागत नाही. पाऊस पडून गेलेला असतो, तो पाहण्याची तयारी मात्र असावी लागते.

ही दृष्टी मोलाची आहे आणि ती आपणही शिकावी. परंतु तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. कसलाही वारा सुटला तरी आपले जहाज तरावे कसे, हा तिचा प्रश्न. तो कप्तानाच्या खोलीत विचारला जातो आणि तेथेच त्याचे उत्तर दिले जाते. खाली बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारीत नाही. लुकासच्या कामगारांचे वैशिष्ट्य असे, की जहाज कोठे न्यावे हा प्रश्न त्यांनी बॉयलरपाशी उभे राहून विचारला.

लुकासचे कामगार

लुकास एरोस्पेस ही कंपनी विमानांची जनित्रे, इंधनयंत्रणा, चलनयंत्रणा असा नाजूक माल करीत असे. ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या कॉंकॉर्ड विमानाचे कामही तिच्याकडे होते. मात्र तिचे सुमारे निम्मे काम लष्करी विमानांचे होते. बर्मिंगहॅम, बर्नली, वुल्व्हरहॅम्प्टन, विल्सडन अशा ठिकाणी तिचे एकूण १७ कारखाने होते. १९७० च्या सुमारास तेथे १८,००० माणसे होती. पुढच्या काही वर्षांत ती १३,००० वर आली.

कपात आली म्हणजे आपण काय करतो? मोर्चा काढतो, दारात बसतो, नुकसानभरपाईची रक्कम वाढवून मागतो. लुकासच्या कामगारांनीही ते सारे केले होते. एका कारखान्यातील माणसे लढत असताना कंपनी तेच काम दुसऱ्या कारखान्याकडे पाठवी, हा अनुभव घेतल्यावर त्यांनी सर्व कारखान्यांतील प्रतिनिधींची एक संयुक्त समिती उभी केली. तीत १३ निरनिराळ्या संघटनांचे सभासद होते. फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या शेजारी नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन आणि अभियंते बसत होते. हाताने काम करणारा व कागदावर काम करणारा एका बाकावर बसणे ही साधी गोष्ट नव्हे. आपल्याकडे आजही ती क्वचितच घडते.

१९७४ च्या नोव्हेंबरात या समितीचे प्रतिनिधी मजूर सरकारचे उद्योगमंत्री टोनी बेन यांना भेटले. कंपनी राष्ट्राच्या मालकीची व्हावी अशी त्यांची अपेक्षा होती. बेन यांनी तसे आश्वासन दिले नाही. पण कंपनीने पुढे काय करावे याची योजना तुम्हीच तयार करा, असे सुचविले. जानेवारी १९७५ मध्ये शेफील्डजवळच्या वर्टली हॉलमध्ये समितीची बैठक भरली. हा एका उमरावाचा जुना वाडा. तो १९५१ पासून कामगार चळवळीने सहकारी तत्त्वावर चालविला होता. तेथे योजनेचा निर्णय झाला.

पुढचा प्रकार मला सर्वांत बोधप्रद वाटतो. समितीने सुमारे १८० विद्यापीठांना, संस्थांना व विद्वानांना पत्रे पाठविली: आमच्यापाशी अमुक कसब आहे, अमुक यंत्रे आहेत, समाजाच्या उपयोगी पडेल असे आम्ही काय करू शकू? उत्तरे आली ती एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा समितीने तोच प्रश्न आपल्याच सभासदांना विचारला. प्रत्येक कारखान्यात प्रश्नावली गेली. तुमच्या खात्यात कोणती यंत्रे आहेत, कोणाला काय येते, येथे काय करता येईल? माल करणारे म्हणून आणि माल वापरणारे म्हणूनही, तुम्हाला कशाची गरज दिसते? विद्वानांकडून जे आले नाही ते खात्याखात्यांतून आले. सुमारे १५० वस्तूंच्या कल्पना जमल्या. जानेवारी १९७६ मध्ये योजना प्रसिद्ध झाली. तिचे सहा खंड होते आणि प्रत्येक सुमारे २०० पानांचा होता.

योजनेत काय होते

या १५० कल्पनांत वैद्यकीय उपकरणे होती, समुद्रतळाशी काम करणारी यंत्रे होती. आपल्या विषयापुरते मी वाहतूक व ऊर्जा यांकडे पाहतो.

पहिली वस्तू म्हणजे दुहेरी शक्तीचे इंजिन. शहरातली मोटार सारखी थांबते व निघते, त्यात इंधन वाया जाते आणि धूर होतो. यावर त्यांचा तोडगा असा: इंजिन लहान घ्यावे, ते त्याला मानवेल अशा एकाच गतीने चालू ठेवावे, त्यावर बॅटरी भरावी आणि चाके विजेच्या मोटरने फिरवावीत. आज आपण ज्यांना हायब्रिड म्हणतो त्या गाड्यांच्या कुळातली ही कल्पना आहे. टोयोटा कंपनीची प्रिअस मोटार जपानमध्ये विकावयास आली ती १९९७ च्या अखेरीस, म्हणजे या योजनेनंतर जवळजवळ बावीस वर्षांनी.

दुसरी वस्तू रस्त्यावर व रुळांवर दोन्हीकडे चालणारी बस. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, म्हणून आगगाडीला फार चढ चालत नाही. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट एवढा चढ आहे, तर तेवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. रबरी टायर रुळाला अधिक घट्ट पकडतो. तेव्हा गाडीचे वजन टायरवर आणि दिशा दाखविण्यापुरती लहान लोखंडी चाके, अशी त्यांची रचना होती. डोंगराळ व गरीब देशांत बोगदे खणण्याचा खर्च यामुळे वाचेल, असे त्यांचे म्हणणे होते. ही बस प्रत्यक्ष तयार होऊन तिची चाचणीही झाली.

तिसरी वस्तू उष्णतेचा पंप. घरातला फ्रीज आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. हेच यंत्र उलटे लावले, तर बाहेरच्या थंड हवेतील उष्णता ओढून ते घर ऊबदार ठेवते, आणि नुसती शेगडी पेटविण्यापेक्षा त्याला इंधन कमी लागते. या वस्तूमागची भावना ध्यानात घेण्याजोगी आहे. जो देश कॉंकॉर्डसारखे विमान उडवू शकतो, त्या देशात दर हिवाळ्यात म्हातारी माणसे घरात गारठून मरतात, ही विसंगती या कामगारांना सलत होती. त्यांच्याच हातांनी विमान घडत होते, आणि गारठणारी म्हातारी माणसे त्यांच्याच गल्लीत राहत होती. याखेरीज पवनचक्क्या, सौरशक्ती, इंधनघट यांचाही विचार योजनेत होता.

योजनेचे काय झाले

१९७६ च्या मे महिन्यात कंपनीने योजना नाकारली. आमचा धंदा विमानसामग्रीचा, तोच आम्ही चालवू, असे तिचे उत्तर होते. संयुक्त समितीशी वाटाघाट करण्यासही तिने नकार दिला. मालकांच्या बाजूचेही ऐकले पाहिजे. या वस्तूंना गिऱ्हाईक किती, भांडवल किती लागेल, नफा केव्हा होईल, हे प्रश्न पोरकट नव्हते, आणि योजनेतील सगळ्या कल्पना सारख्याच पक्व नव्हत्या. तथापि त्या प्रश्नांची उत्तरे एका टेबलाशी बसून शोधता आली असती. टेबलाशी बसणेच कंपनीला नको होते. कोणता माल काढावा हे कामगारांनी सांगावयाचे, ही गोष्टच तिला मान्य नव्हती.

सारा दोष कंपनीच्या पदरी टाकून आपली सुटका होत नाही. संघटनांच्या वरिष्ठ मंडळींना ही तळातून उभी राहिलेली समिती आपल्या अधिकारावरचे आक्रमण वाटली. मजूर सरकारने सहानुभूतीचे शब्द दिले. त्यापलीकडे फारसे काही दिले नाही. बेन यांचे खाते १९७५ च्या जूनमध्येच बदलले होते. १९७९ मध्ये थॅचरबाईंचे सरकार आले आणि वारे पुरते फिरले. समितीचे एक प्रमुख कार्यकर्ते, अभियंता माइक कूली, यांना कंपनीने १९८१ साली कामावरून काढले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये दिला जाणारा ‘राइट लाइव्हलीहुड’ हा पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे लंडनच्या महानगर परिषदेने त्यांना बोलावून, नागरिक व तंत्रज्ञ यांनी एकत्र बसून उपयुक्त वस्तू घडवाव्यात यासाठी केंद्रे उघडली. पण ती परिषदच १९८६ साली सरकारने बरखास्त केली.

तेव्हा ही पराभवाची हकीकत आहे काय? नोकऱ्यांचा हिशेब केला तर समितीने काही काळ कपात अडवून धरली, एवढेच म्हणता येईल. परंतु त्या सहा खंडांतील कितीतरी वस्तू आज जगभर तयार होत आहेत. युरोपात उष्णतेचे पंप घरोघरी बसत आहेत. आपल्याकडे साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत. पाऊस पडून गेला आहे हे त्या फिटरांना व ड्राफ्ट्समनांना दिसले होते. भांडवल कोठे घालावे हे ठरविण्याची सत्ता त्यांच्या हाती नव्हती, म्हणून वस्तू आल्या त्या उशिरा, दुसऱ्यांच्या हातून आणि दुसऱ्यांच्या नफ्यासाठी.

आपल्यापुरते

ही हकीकत इंग्लंडची असली तरी तिचा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा आहे. विजेच्या मोटारीला पिस्टन लागत नाही, सिलिंडर ब्लॉक लागत नाही, धुराडे लागत नाही. कोल्हापूरच्या फौंड्रीत आणि पुण्या-पिंपरीच्या यंत्रशाळांत हजारो माणसे हेच सुटे भाग ओतीत व कातीत आली आहेत. हवा शुद्ध व्हावी, परदेशी तेलावरचा खर्च कमी व्हावा, हे या कामगारांनाही हवेच आहे. धुरात त्यांचीच मुले वाढतात. पण बदलाचे वेळापत्रक मंत्रालयात व कंपन्यांच्या कचेऱ्यांत ठरावे आणि कामगाराला ते फाटकावरच्या नोटिशीत वाचावयास मिळावे, ही रीत योग्य नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगाराने ती रीत पुरती भोगली आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागेवर मनोरे उठले. तेथे काय व्हावे हे त्याला आधी कोणी विचारले नव्हते.

याकरिता मी येथे जमलेल्या कामगारांना, कारखानदारांना व अभियंत्यांना एक सूचना करतो. ती खर्चाची नाही. लुकासची प्रश्नावली घ्या आणि आपल्या गावातील प्रत्येक कारखान्यात फिरवा. कोणती यंत्रे आहेत, कोणाला काय येते, त्यातून आणखी काय घडविता येईल, गावाला कशाची गरज आहे? गावाला म्हटले, तेव्हा तीत आपण सारे आलो. बस थांब्यावर अर्धा अर्धा तास उभी राहणारी बाई, वीज गेल्यामुळे शेताला रात्री पाणी देणारा शेतकरी, यांनाही ती प्रश्नावली गेली पाहिजे. उत्तरे कदाचित अपुरी येतील. काही हास्यास्पदही असतील. पण ती नोटीस लागण्याच्या आधी हाती असतील, आणि वाटाघाटीला बसताना भरपाईच्या आकड्यांखेरीज आणखी काही आपल्यापाशी असेल.

लुकासचे प्रतिनिधी मंत्र्यांकडे गेले ते नोकऱ्या वाचविण्यासाठी. परत येऊन त्यांनी शेजारच्या माणसाला विचारले, तुला काय येते आणि लोकांना काय हवे आहे. आपले काम येथून सुरू होते, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.