‘सैनिकाचे हृदय’ ते हृदयगतीची परिवर्तनशीलता : एक ऐतिहासिक मागोवा

मनोविकाराचे शरीरात मोजता येईल असे चिन्ह सापडावे, ही वैद्यकाची जुनी आकांक्षा आहे. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर क्षणोक्षणी किंचित बदलते. त्यालाच हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात. हे असे चिन्ह ठरते काय, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात तपासला आहे.

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) धडधड, छातीत दुखणे व दम लागणे या तक्रारींचे अनेक सैनिक जेकब डा कोस्टा यांनी फिलाडेल्फियात तपासले. १८७१ च्या निबंधात त्यांनी या अवस्थेला ‘क्षोभशील हृदय’ म्हटले आणि ज्वर, अतिसार व खडतर लष्करी सेवा ही तिची प्रमुख कारणे मानली. पहिल्या महायुद्धात थॉमस लुईस यांनी अशा रुग्णांना विश्रांतीऐवजी क्रमाने वाढत जाणारा व्यायाम दिला. पुढे १९४१ मध्ये पॉल वुड यांनी हा विकार मूलतः चिंतेचा असल्याचे प्रतिपादन केले. लक्षणे तीच राहिली. रुग्ण मात्र हृदयविकाराच्या कक्षेतून मनोविकाराच्या कक्षेत गेला.

मोजमापाची परंपरा वेगळ्या वाटेने आली. श्वास घेताना नाडी जलद व सोडताना मंद होते, हे कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये कुत्र्यावरील प्रयोगात नोंदविले होते. या चढउतारामागे मुख्यत्वे परानुकंपी विभागातील व्हेगस मज्जातंतू असतो. १९८१ मध्ये अ‍ॅक्सेलरॉड व सहकाऱ्यांनी वारंवारतेनुसार पृथक्करण करून स्वायत्त मज्जासंस्थेचा यातील वाटा दाखविला. १९८७ मध्ये क्लाइगर यांच्या गटाने हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची परिवर्तनशीलता ५० मिलीसेकंदांहून कमी, त्यांना मृत्यूचा धोका १०० हून अधिक असणाऱ्यांच्या ५.३ पट आढळला.

दोन्ही वाटा नैराश्याच्या प्रश्नापाशी एकत्र आल्या. झटक्यानंतर नैराश्य असलेले रुग्ण पुढील सहा महिन्यांत अधिक प्रमाणात दगावतात, असे फ्रेझर-स्मिथ यांच्या माँट्रियल येथील अभ्यासात १९९३ मध्ये दिसले. अशा रुग्णांत परिवर्तनशीलताही कमी असल्याचे कार्नी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले. दुवा सापडल्यासारखे वाटले.

परंतु २००८ मध्ये नेदरलँड्समधील दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासाने ही घट प्रामुख्याने नैराश्यरोधक औषधांशी निगडित असल्याचा निष्कर्ष काढला. २०१० मध्ये केम्प व सहकाऱ्यांनी पूर्वीचे अभ्यास एकत्र पडताळले. त्यांना औषधे न घेणाऱ्या व हृदयविकार नसलेल्या रुग्णांतही घट आढळली. औषधांपैकी ट्रायसायक्लिक वर्गाचा दुष्परिणाम विशेष ठळक होता. छिन्नमनस्कतेवरील क्लोझापिनही व्हेगसचा प्रभाव रोखते. हा वाद केवळ पद्धतीचा नव्हे. घट औषधामुळे असेल तर उपचारच हृदयावरील भार ठरू शकतो. ती आजारामुळे असेल तर औषध थांबविणे धोक्याचे. वय, तंबाखू, व्यायामाचा अभाव व श्वासाची गती यांनीही हा आकडा बदलतो. त्यामुळे औषधांची नोंद नसलेल्या हृदयालेखावरून रुग्णाच्या मनाविषयी अनुमान काढणे आजही धाडसाचेच आहे.